पोट गार, वजन भार: कोरियन वैद्यबाईंनी शिकवलेलं आणि कर्वेनगरच्या ओट्यावर उतरवलेलं

दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरातल्या त्या दवाखान्यात वैद्यबाईंनी मला वजनकाट्यावर उभं केलं ते अगदी शेवटी. त्याआधी अर्धा-पाऊण तास नुसते प्रश्न. हातपाय गार असतात का? गार पाणी प्यायल्यावर पोट डब्ब होतं का? घाम आला की हलकं वाटतं की गळून जायला होतं? सकाळी उठल्यावर भूक असते का? काळजी करायची सवय आहे का? शेजारी बसून दुभाष्याचं काम करणाऱ्या माझ्या लेकीनं या शेवटच्या प्रश्नाला मला न विचारताच 'हो' सांगून टाकलं.

मी पुण्यात कर्वेनगरला १९ वर्षं पोळी-भाजीचे डबे करते. दिवसाला ४० डबे, त्यामुळे खाण्याबद्दल मला कोणी काही शिकवावं असं मला फारसं कधी वाटलं नव्हतं. २०२३च्या डिसेंबरात लेकीच्या बाळंतपणाला कोरियात गेले, तिथल्या थंडीनं गुडघे धरले, म्हणून ती मला त्यांच्या पारंपरिक दवाखान्यात सुया टोचून घ्यायला घेऊन गेली. 'हानिवॉन' म्हणतात त्याला. तिथले वैद्य सहा वर्षांचा रीतसर अभ्यासक्रम करून आलेले असतात. सुया टोचल्या, बरंही वाटलं. पण बाई म्हणाल्या, गुडघ्यांवर ७४ किलो आहेत, त्यांचं काय करायचं? माझी उंची ५ फूट १ इंच.

मी अभिमानानं सांगितलं, मी डाएट करते. सकाळी लिंबू-मध-पाणी, दुपारी जेवण कमी, रात्री फक्त काकडी-टोमॅटो-गाजर आणि वाटीभर दही. बाईंनी माझे हात हातात घेतले. बर्फासारखे होते. मग दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी बघितली, अगदी आपल्या वैद्यांसारखी, जीभ बघितली, आणि म्हणाल्या, चुलीत आधीच जाळ नाही आणि तुम्ही रोज रात्री वरून ओली लाकडं टाकताय.

हे वाक्य लेकीनं मराठीत केलेलं आहे, मूळचं काय होतं देव जाणे. पण डबेवालीला ते पहिल्या झटक्यात कळलं.

त्यांची कल्पना थोडक्यात अशी. जठर आणि पाणथरी, म्हणजे प्लीहा, या जोडीला ते 'बिवी' म्हणतात. (आमच्या ह्यांना हे फोनवर सांगितलं तर म्हणाले, बिवीचंच ऐकतोय तीस वर्षं.) ही बिवी खाल्लेल्याचं शक्तीत रूपांतर करते. तिला ऊब आवडते, ओल अजिबात आवडत नाही. ती थकली की खाल्लेल्याची शक्ती होत नाही, चिकट ओल होते, आणि ती ओल साठली की अंग जड. राजवैद्य हॉ जुन यांनी १६१०मध्ये पूर्ण केलेला 'दोंगुई बोगाम' नावाचा २५ खंडांचा ग्रंथ या वैद्यकीचा पाया. तो १६१३मध्ये छापला गेला आणि २००९मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृतींच्या यादीत गेला. त्यात म्हटलंय की जाड माणसात ओल जास्त आणि बारीक माणसात आग जास्त. आपला कफ आणि आपला जठराग्नी ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे परकं वाटायचं कारण नाही.

आता एक खुलासा, कारण माझ्या डब्यांच्या गिऱ्हाइकांत दोन डॉक्टर आहेत. आधुनिक शरीरशास्त्रात प्लीहेचा पचनाशी संबंध नाही, ती रक्ताचं काम करते. तेव्हा 'बिवी' हे एक रूपक समजा. हातपाय गार, अंगाला सूज, थकवा, वाढतं वजन हे सगळं थायरॉइडचंही लक्षण असतं. मी परत आल्यावर आधी थायरॉइड आणि साखर तपासून घेतली, मगच ओट्याला हात लावला. तुम्हीही तेच करा.

पहिलं काम: आपण कोण ते बघा

ली जे-मा नावाच्या वैद्यानं १८९४मध्ये माणसांचे चार प्रकार मांडले. वजन उतरवायचं म्हणजे सगळ्यांनी एकच खायचं, हे त्याला मान्यच नाही. त्याचा अंदाज असा की १०,००० वस्तीच्या गावात ५,००० 'थेऊम', ३,००० 'सोयांग', २,००० 'सोऊम', आणि 'थेयांग' म्हणाल तर मोजून तीन-चार, फार तर दहा. चौथ्यांना आपण सोडून देऊ. ते कर्वेनगरला राहत नसावेत.

ओळखायची मला सगळ्यात आवडलेली खूण शरीराच्या मापाची नाही. कोणतं काम नीट झालं की बरं वाटतं, ते बघायचं. थेऊमाला भरपूर घाम आला की तो खूश. सोयांगाचं पोट रोज साफ झालं की खूश. सोऊमाला खाल्लेलं पचलं की बास, मात्र घाम फार गेला तर तो गळपटतो.

आमच्या घरात तिन्ही निघाले. आमचे हे नमुनेदार थेऊम: रुंद अंगाचे, सावकाश, काहीही पचवतील, आणि वेताळ टेकडी चढून शर्ट पिळण्याइतका घाम आला की दिवसभर गुणगुणत राहतात. माझ्याकडे पोळ्या लाटणारी मंगल सोयांग: छाती-खांदे भरलेले, कंबरेखाली बारीक, चालणं भरभर, राग नाकावर, भर थंडीत माठातलं पाणी. आणि मी जाड असूनही सोऊम. हा मला धक्काच होता. मला वाटायचं जाड म्हणजे कफ, कफ म्हणजे उपाशी राहा आणि कच्चं खा. बाईंचं म्हणणं, तुमचं खाणं फार नाही, पचणं फार कमी आहे.

तुमची खूण दोन प्रकारांत अडकली तर डोकं आपटू नका. चार दिवस गार खाऊन, चार दिवस गरम खाऊन बघा. पोटच सांगेल.

दुसरं: जेवणाचं घड्याळ पुढे ओढा

या पद्धतीत प्रत्येक अवयवाची दोन-दोन तासांची पाळी असते. सकाळी ७ ते ९ जठराची, ९ ते ११ प्लीहेची. म्हणजे चूल पेटलेली असते ती सकाळी. आणि आम्ही काय करतो? सकाळी दोन कप चहा आणि खारी, दुपारी घाईत चार घास, आणि रात्री साडेनऊला, सगळे घरी आले म्हणून, मालिका बघत साग्रसंगीत जेवण.

मी सगळ्यात आधी हेच उलटं केलं आणि हेच सगळ्यात अवघड गेलं. डब्यांची घाई असताना आठ वाजता बसून खायचं म्हणजे चेष्टा वाटते. आता पावणेआठला दहा मिनिटं मी आणि मंगल दोघी खाली बसतो. मला वाटीभर गरम तांदळाची पेज, त्यात आलं, जिरं, वर मेतकूट. कोरियात आजाऱ्याला आणि म्हाताऱ्यांना देतात ती 'जुक' म्हणजे आपली पेजच. कधी ज्वारीची उकड. ताकातली उकड मला जास्त आवडते, पण सकाळी सकाळी ताक मला बाधतं हे या निमित्तानं लक्षात आलं. साबुदाण्याची खिचडी, पोहे-शेव, ब्रेड हे रविवारी.

रात्रीचं जेवण साडेसातच्या आत आणि दुपारच्या निम्मं. दोंगुई बोगाममध्ये पथ्यांची उतरंड आहे, त्यात दिवसाचं पथ्य म्हणजे संध्याकाळी तुडुंब जेवू नये. रात्री मी एक वाटी आमटी किंवा सूप, एक शिजलेली भाजी आणि अर्धी भाकरी खाते. घरच्यांचं साडेनऊचं पान वाढते आणि समोर बसून आल्याचं गरम पाणी पिते. पहिले पंधरा दिवस फार राग येतो, आधीच सांगून ठेवते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय रात्रीचं जेवण कमी करू नका, साखर खाली जाते.

तिसरं: गार आणि कच्चं

सोऊमाला फ्रिजचं पाणी बंद. आईस्क्रीम, मस्तानी, बर्फ घातलेला उसाचा रस बंद. मे महिन्यात पुण्यात हे म्हणणं सोपं आहे, करणं नाही. मी माठावर आले, तेही जेवणाबरोबर नाही. रात्रीची कच्ची कोशिंबीर आणि दही पूर्ण थांबवलं. आठवड्याभरात पोटाची डब्ब पिशवी उतरली. वजन नाही, नुसती पिशवी. पण तेवढ्यानंच मला पुढचं सगळं करायचा धीर आला.

मंगलला हे सांगितलं असतं तर ती पळून गेली असती. तिच्यासाठी काकडी, मूग, दुधी, कलिंगड चांगलं. लसूण, आलं आणि लाल तिखट हात आखडून. ती भाजलेल्या जवाचं पाणी पिते. कोरियात घरोघरी पाण्याऐवजी हेच असतं, 'बोरिचा' म्हणतात. भुसाऱ्याकडे जव मागा. 'सातू' मागितलंत तर तो गव्हा-डाळ्याचं भाजलेलं पीठ देईल. दोन मोठे चमचे जव कोरड्या कढईत मंद आचेवर कॉफीचा रंग येईपर्यंत भाजायचे, दीड लिटर पाण्यात दहा-पंधरा मिनिटं उकळायचे, गाळून दिवसभर प्यायचे. साखर नाही, मीठ नाही. दुपारच्या चहाची तल्लफ यानं निम्मी होते. मला स्वतःला ते बाधतं, कारण जव थंड समजतात. मी आलं आणि दालचिनीचा बोटभर तुकडा उकळते.

ह्यांच्यासाठी, म्हणजे थेऊमांसाठी, बाईंनी 'युल्मू' सांगितलं होतं, जोंधळ्याच्या लांबच्या नात्यातलं मण्यांसारखं धान्य. अंगातली ओल काढतं असं मानतात; गरोदर बायकांना मात्र देत नाहीत. मी येताना किलोभर आणलं, ते संपल्यावर ज्वारीवर आले. नातं आहे म्हणून नाही, घरात असते म्हणून. आणि मुळा. मुळ्याला कोरियन लोक जवळजवळ औषधच मानतात, जड जेवण पचवणारा. पाव किलो पांढरा मुळा पातळ चकत्या करून थेंबभर तेलावर परतायचा, दोन लसूण पाकळ्या, मीठ, चार वाट्या पाणी, मुळा काचेसारखा दिसेपर्यंत उकळायचा, वर पातीचा कांदा आणि मिरपूड. ते गोमांसाबरोबर करतात, आमच्याकडे अळिंबी घालते. ह्यांना रात्री हे मोठा वाडगाभर देते आणि पोळ्या चारऐवजी दोन देते. पोट भरलेलं असतं, त्यामुळे मोजत नाहीत.

चौथं: भाजीची रीत बदला

आमच्या व्यवसायातलं गुपित फोडते: डब्याची भाजी चवदार लागते ती तेलानं. तेलकट, तळलेलं, गोड, मैदा आणि दारू ही त्यांच्या मते ओल वाढवणारी पंचकडी, आणि तेलाचा तवंग त्यात पहिला. कोरियन घरात जेवायला भात, एक पातळ सूप आणि आजूबाजूला तीन-चार वाट्या भाज्या असतात. त्यातल्या बऱ्याच 'नामुल' पद्धतीच्या: फोडणी नाही, भाजी उकळत्या पाण्यातून काढून हातानं कालवलेली. मी हे शिकले आणि चाट पडले.

पालकाची एक मोठी जुडी, देठांसकट. पातेलंभर पाण्याला खळखळून उकळी, चमचाभर मीठ. पालक टाकायचा, मनात तीस आकडे मोजायचे, झाऱ्यानं उचलून लगेच गार पाण्यात. मग मुठीत धरून घट्ट पिळायचा. इथे कंटाळा केलात तर वाटीत तळं होतं. बोटभर लांबीचे तुकडे करून त्यात एक लहान चमचा घाण्यावरचं तिळाचं तेल, एक ठेचलेली लसूण पाकळी, चिमूट मीठ, आणि दोन चमचे तीळ खमंग भाजून भरडलेले. त्यांचं तेल भाजलेल्या तिळांचं असतं, आपलं कच्च्या तिळांचं, म्हणून तीळ जरा जास्त भाजायचे. बोटांनी कालवायचं, चमच्यानं नाही. जुडीभर भाजीला चमचाभर तेल! याच जुडीच्या भाजीला मी आधी तीन-चार चमचे घालत होते.

मोडाची मटकी, मेथी, लाल माठ, कोबी, गाजराचे काप, सगळ्याचं नामुल होतं. मेथी दीड मिनिट उकळा, नाहीतर कडू. लाल भोपळ्याचं मात्र नामुल करू नका. नुसता वाफवून, आलं घालून घोटा. तिकडे बाळंतिणीची सूज उतरवायला पिकल्या भोपळ्याचं पाणी देतात. माझ्या लेकीला विहीणबाईंच्या शेजारणींनी भोपळा आणि समुद्री शेवाळाचं सूप दिलं, मी अळीव आणि डिंकाचे लाडू दिले. लेकीनं दोन्ही खाल्लं आणि कोणालाच दुखावलं नाही.

किमचीबद्दल, म्हणजे त्यांच्या आंबवलेल्या तिखट कोबीबद्दल, सगळे विचारतात. घासभर चांगली, पण त्यात मीठ फार असतं. मला रक्तदाबाची गोळी चालू आहे, तेव्हा मी ती लोणच्याच्या मापानं खाते, कोशिंबिरीच्या नाही.

पाचवं: जेवल्यावरचं

दोंगुई बोगाम म्हणतं, जेवण झालं की पोटावरून हात फिरवावा आणि शंभर पावलं चालावं. हे ऐकून मी दवाखान्यातच हसले. साडेपाच हजार किलोमीटर येऊन मला शतपावली सांगितली! माझी सासू सदाशिव पेठेतल्या वाड्यात रोज रात्री चौकाला फेऱ्या मारायची आणि आम्ही सुना तिला हसायचो.

मी सोसायटीच्या गच्चीवर वीस मिनिटं चालते, घाम येणार नाही अशा बेतानं. पोटावर तळहातानं घड्याळाच्या दिशेनं गोल फिरवायचं, तीसेक वेळा, दाबायचं नाही. ह्यांना मात्र घाम येईपर्यंत टेकडी. एकाच घरात एकाला घाम औषध आणि दुसरीला घाम वर्ज्य, हे मला अजूनही गमतीचं वाटतं.

काळजी करण्यानं बिवी बिघडते असंही त्या बाई म्हणाल्या होत्या. त्यावर माझ्याकडे अजून पाककृती नाही.

काय अजिबात करू नका

परत आल्यावर सोसायटीतल्या एका ओळखीच्या बाईंनी मला 'कोरियन वजन उतरवायचा चहा' म्हणून पुड्या आणून दिल्या. पाकिटावर घटकांची यादीच नव्हती. मी शहाणीसारखी घेतल्या. दुसऱ्या रात्री छाती धडधडायला लागली, पहाटेपर्यंत डोळा नाही. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पुड्या कचऱ्यात टाकायला लावल्या. त्यात काय होतं ते कळलं नाही, पण नंतर लेकीनं सांगितलं ते ऐकून अंगावर काटा आला: कोरियात वजनासाठी देतात त्या काढ्यांत बऱ्याचदा 'माह्वांग' हे झाडपाल्याचं औषध असतं. त्यातल्या एफेड्रीननं भूक मरते आणि हृदयाचे ठोके, रक्तदाब वाढतो, झोप उडते. अमेरिकेनं २००४मध्ये हे असलेल्या पूरक गोळ्या-पावडरींवर बंदी घातली. तिथल्या वैद्यबाईंनी माझा रक्तदाब बघून मला काढा द्यायला साफ नकार दिला होता, तो का, ते तेव्हा उमजलं. ताटात काय घ्यायचं ते या वैद्यकीकडून खुशाल शिका; काढा समोर बसलेल्या शिकलेल्या वैद्याशिवाय नाही, आणि पुडीतून तर कधीच नाही.

माझे आकडे: मार्च २०२४ला परत आले तेव्हा ७४. गणपतीत ६९. संक्रांतीला ६६. त्यानंतर हललेलं नाही. कॅलरी मोजणारे म्हणतील, बाई, रात्रीचं जेवण निम्मं, भाजीचं तेल पाव, चार साखरेचे चहा बंद, यात कोरिया कुठे आला? बरोबर आहे त्यांचं. फरक एवढाच की आधीच्या प्रत्येक डाएटमध्ये मी तिसऱ्या आठवड्याला रात्री अकरा वाजता फरसाणाचा डबा उघडला होता, कारण पोटात गार काकडी आणि डोक्यात राग असायचा. गरम पेजेवर, गरम सूपवर तो डबा उघडावासा वाटला नाही. किंवा खरं सांगायचं तर कमी वेळा वाटला.

सुरुवात करायची असेल तर एकदम सगळं करू नका. पहिला आठवडा फक्त गरम नाश्ता आणि गार पाणी बंद. दुसऱ्यात रात्रीची वेळ अर्धा तास अलीकडे. नामुल तिसऱ्यात, तेव्हा कुठे घरचे तक्रार करायचे थांबलेले असतात. वजन आठवड्यातून एकदा, शनिवारी सकाळी, रिकाम्या पोटी.

पावसाळ्यात काम वाढतं. बाहेर ओल, कपडे वाळत नाहीत, आणि भजी खुणावतात. आषाढ-श्रावणात मी आल्याचं प्रमाण दुप्पट करते आणि पालेभाज्या मंडईतून आणल्या की मिठाच्या पाण्यात दोनदा धुते. चातुर्मासात आमच्याकडे कांदा-लसूण वर्ज्य असतो, तेव्हा नामुलमध्ये लसणाऐवजी आलं किसून घालते. पालकाला चालतं. मेथीला नाही, मेथीला ओलं खोबरं घाला.